नावं घातलेली हळदीची कॅसेट

परवा बारामतीला एका कार्यक्रमाला मला नेलं होतं. सगळी गाणारी-वाजवणारी पोरंपोरी, कुणाच्या पाठीवर गिटार, कुणाच्या कमरेला संबळ. विषय काय, तर स्वतंत्र कलाकारानं आपल्या गाण्यावर पोट कसं भरावं. माझ्या शेजारी पूजा बसली होती, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दत्तूदादाची नात. तिला हळूच विचारलं, स्वतंत्र म्हणजे काय गं? ती म्हणाली, "आज्जी, ज्याच्या मागं कुठली कंपनी नाही असा." म्हटलं, मग सरळ म्हणा की, ज्याचं त्यानंच निस्तरायचं! तशी तर मी जन्माची स्वतंत्र आहे. माइक माझ्याकडं आला तेव्हा सूत्रसंचालन करणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "मावशी, थोडक्यात." आता मला थोडक्यात सांगता आलं असतं तर मी गाण्यात कशाला पडले असते? जेमतेम सुरुवात केली आणि चहा आला. तेव्हा तिथं राहिलेलं इथं लिहिते. चहा मी आधीच घेतलाय.

आमचं घर निमगाव केतकीच्या बाहेर, रस्ता सोडून आत, उसाला लागून. आबांची अर्धी उमर मेंढरांमागं गेली. नंतर पाणी आलं, ऊस आला, कळप गेला. तरी हौसेला चार मेंढरं दारात होतीच, कारण मेंढराचा वास नसला तर आबांना घर आपलं वाटत नसे. गावात पिठाची गिरणी होती, पण आई हुलगं घरच्या जात्यावरच भरडायची. गिरणीतल्या पिठाचं माडगं गिरणीसारखं लागतं, म्हणायची. हुलग्याचं माडगं, त्यात गूळ, वरून मेंढीचं दूध, आणि बाजूला खर्डा. गोडाच्या बाजूला खर्डा कशाला, असं शहरातली माणसं विचारतात, त्यांना मी उत्तर देत नाही, वाटी पुढं करते. जातं फिरायला लागलं की आईचं गाणं सुरू व्हायचं. ते गाणं मला कुणी शिकवलं नाही. जात्यातून पीठ पडायचं तसं तेही पडायचं, आणि मी शेजारी बसलेली असायची, एवढंच. कारखान्याचा भोंगा वाजला की आई गाण्यात क्षणभर थांबायची, भोंगा संपला की पुढची ओळ. मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्या ओवीत तो थांबा मुळातलाच आहे.

दत्तूदादाची एसटी स्टँडजवळ पत्र्याची टपरी होती. रेडिओ दुरुस्त करायचा. तिथं कुणीतरी इंदापूरहून एक दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आणून टाकला आणि न्यायलाच आला नाही. दादानं वाट पाहून पाहून शेवटी त्या माणसाला शोधून काढलं आणि दुरुस्तीच्या बदल्यात, वर आमचा एक बोकड देऊन तो टेप घरी आणला. आबांना बोकडाचं फार वाईट वाटलं. पुढं कितीतरी दिवस ते टेपला 'बोकड' म्हणायचे. "तुजा बोकड आज का वरडंना?" म्हणजे लाइट गेलीय का.

मी तेव्हा लग्नाच्या हळदीला आईबरोबर गायला जायची. आई बसून गळ्यातल्या गळ्यात गायची, माझा आवाज उभ्या उसातून पलीकडच्या वस्तीवर जायचा. बायका ओटी भरायच्या, खण द्यायच्या, फार तर एखादं लुगडं. आमच्या घरात खणांचा ढीग होता. दादाच्या डोक्यात आलं की ही गाणी कॅसेटमध्ये भरावीत आणि बाजारात विकावीत. कोठीच्या खोलीत घुमतं म्हणून त्यानं भिंतींना, दाराला, वरच्या पत्र्याला आमच्या जुन्या घोंगड्या टांगल्या. धनगराच्या घरात दुसरं काही नसलं तरी घोंगडी असतेच. आत इतका उकाडा व्हायचा की एक गाणं झालं की मी बाहेर येऊन रांजणावर तोंड धुवायची. पण आवाज असा स्वच्छ यायचा की काय सांगू! अलीकडं पूजानं मला पुण्याला एका स्टुडिओत नेलं. भिंतींना काळे फोम लावलेले, गार हवा सोडलेली, काचेपलीकडं एक दाढीवाला. मी नाक वर करून हुंगलं. म्हटलं, घोंगडीचा वास नाही, तेवढं सोडलं तर आमचंच हाय हे.

तर पहिली कॅसेट बाजारच्या दिवशी आम्ही कांदेवाल्या बाईच्या शेजारी पोतं अंथरून विकायला ठेवली. माणसं गोळा व्हायची, ऐकायची, माना डोलवायची आणि निघून जायची. एका आळीत एक कॅसेट खपायची. बाकीची आळी त्या एकीवरनं उतरवून घ्यायची. बारामतीत तर एका दुकानदारानं आमचीच कॅसेट स्वतःच्या कागदात गुंडाळून विकायला ठेवली होती. भिगवणला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात माझं गाणं दिवसभर वाजतंय असं कळलं म्हणून दादा भांडायला गेला, मलाही नेलं. हॉटेलवाला बिलंदर. म्हणाला, "ताई, तुमीच का त्या? बसा, बसा." आणि उजनीतला ताजा चिलापी मासा असा कुरकुरीत तळून पुढं ठेवला की आमचं भांडण घशाखाली गेलं. पण माणूस प्रामाणिक. त्यानंतर मी कधीही गेले तरी माशाचं बिल नाही. पूजा म्हणते, याला रॉयल्टी म्हणतात. असेल. मोबाईलवर माझी गाणी ऐकली जातात त्याचीही रॉयल्टी येते, पण त्यात काटेसुद्धा येत नाहीत.

यातून वाट काढली ती आईनं. भाकरी थापता थापता म्हणाली, "आरं दत्तू, पाटलाच्या लग्नाची पत्रिका कुलकर्ण्यानं वापरली आसं कधी झालंय का? गाण्यात त्या त्या घरची नावं घाल. दुसऱ्याच्या घरच्या नावाचं गाणं कोण चोरून न्हील?" दादानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. हळदीच्या गाण्यात नावं घालायची रीत तर होतीच. नवऱ्यामुलाचं नाव, आईबापाचं, मामाचं, मावशीचं, चुलत्याचं. एक मात्र पक्कं, जित्या नातलगाचं नाव राहता कामा नये. गेलेल्या माणसांची नावं निराळ्या गाण्यात, देवांना आवतण देताना. इकडची नावं तिकडं होऊन चालत नाही. आता आम्ही प्रत्येक लग्नासाठी वेगळी कॅसेट भरायला लागलो. हळदीच्या आधी यायचं, नावं सांगायची, कॅसेट घेऊन जायची. मांडवात कर्ण्यावर आपल्या घरच्या माणसांची नावं वाजतात, हे बघून शेजारचा मांडव जळायचा, आणि जळला की तोही आमच्याकडं यायचा.

पण आबांना हे पटत नव्हतं. त्यांना गाण्याचा राग नव्हता. ते स्वतः गजीत नाचणारे, ढोल ऐकला की पायात वारं भरणारे. राग पैशाचा होता. "हळदीचं गाणं इकत्यात व्हय? ओटी घ्या, खण घ्या. मोल घ्यायचं न्हाय." दादा म्हणायचा, "आबा, खणावर बॅटरीचं सेल मिळत न्हाईत." तेव्हा आबांनी निकाल दिला. ते चिडले की बारीक आवाजात बोलायचे, आणि त्या दिवशी तर अगदीच बारीक बोलले. "करा. पर येका जरी मांडवात तुमच्या गाण्यापायी बोल लागला, तर त्या दिशी ह्यो बोकड बंद. आन् सुली दुसऱ्या दिशी आईसंगं खुरपायला." सुली म्हणजे मी. खुरपायला मी भीत नव्हते, सगळ्याच पोरी खुरपत होत्या. पण उसाच्या सरीत दिवसभर धुरळा खाल्ला की माझा गळा असा बसायचा की आठ-आठ दिवस आवाज फुटायचा नाही. खुरपं हातात आलं की गाणं गेलं, हे मला ठाऊक होतं आणि आबांनाही.

अशातच लोणी भापकरच्या संपतरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. संपतराव आबांचे जुने स्नेही. पूर्वी आबांचा कळप त्यांच्या रानात बसायचा, म्हणजे मेंढरं रात्रभर रानात बसवायची, लेंडीखत रानाला मिळायचं आणि त्याबद्दल आबांना धान्य मिळायचं. त्या ओळखीवर संपतरावांनी मुद्दाम आमचीच कॅसेट सांगितली. टपरीवर येऊन, एसटीला एक डोळा लावून, तंबाखू चोळत सगळी नावं एका दमात सांगितली आणि गाडी आल्यावर धावत गेले. आम्ही कॅसेट भरून पाठवली. हळदीचं आमंत्रण आबांनाही होतं. निघताना मला म्हणाले, "चल तूबी. बगू तरी काय वाजतंय." म्हणजे पाहुणा म्हणून नव्हे, तपासायलाच निघाले होते.

मांडव झकास घातला होता. सकाळची वेळ, मोठ्या चुलवणावर गव्हाची खीर रटरटत होती, शेंगदाण्याच्या आमटीचा वास थेट वेशीपर्यंत. मधोमध हळद दळायचं जातं, त्याला पानं बांधलेली. त्यांच्या भावकीत अशी रीत की जात्यात हळकुंडाची पहिली मूठ नवऱ्याच्या आत्यानं वैरायची. आत्या म्हणजे संपतरावांची थोरली बहीण गोदाबाई. काठपदराचं हिरवं लुगडं, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, मुठीत हळकुंडं घेऊन जात्यापाशी बसलेल्या. कॅसेट लागली. कर्ण्यातून माझाच आवाज आला आणि मला लाजल्यासारखं झालं. मामाचं नाव आलं, मामानं पटक्याला हात लावला. मावशी आली, चुलती आली, थोरला चुलता, धाकटा चुलता आला. गाणं संपलं. आत्या आलीच नाही.

गोदाबाई तशाच मूठ आवळून उठल्या आणि मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन, मांडवाकडं पाठ करून बसल्या. बायका मागं धावल्या. त्यांचं एकच, "त्या डब्यातल्या बाईनं मला मेल्यांत जमा केलं. मेलेल्या बाईनं हळद वैरायची नस्ती." संपतराव घामाघूम. बहिणीपुढं हात जोडून म्हणाले, "आक्का, आगं नावं सांगताना वाटलं, तू तर घरचीच. तुजं येगळं काय सांगायचं?" त्यावर गोदाबाईंनी पाठ न वळवता विचारलं, "आन् पोराचा मामा काय एसटीनं आलेला उतारू हाय व्हय?" हसायला तर सगळ्यांना आलं, पण हसायची कुणाची टाप नव्हती. नवरामुलगा बाळू पाटावर उघड्या अंगानं कुडकुडत बसलेला. जातं थांबलेलं. कुणीतरी शहाण्यानं कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली. पुन्हा मामा, पुन्हा मावशी, आणि आत्या पुन्हा नाहीच. आगीत रॉकेल पडलं.

मी आबांकडं बघितलं. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं, झटकलं आणि परत ठेवलं. मला त्या झटकण्यात खुरप्याचा आवाज ऐकू आला. बोल लागला होता. चूक कुणाची का असेना, डब्यातनं नाव आलं नव्हतं, आणि डब्याला काही सांगून उपयोग नव्हता. आई इथं असती तर तिनं चालू गाण्यातच आत्याला धरून आणलं असतं. गाणाऱ्या बाईला समोरची माणसं दिसतात. डब्याला दिसत नाहीत.

मी उठले. टेप बंद केला. भीती वाटत होती, पायातलं पैंजण वाजू नये म्हणून मी हळू चालले होते, हे अजून आठवतं. जात्याचा खुंटा धरला आणि रिकामंच जातं फिरवत उठेल तो सूर धरला.

लिंबाच्या सावलीला कोण बसलंय रुसून,
गोदा आत्या ये गं तू मांडवात हसून.

मांडवात कुजबूज थांबली. लिंबाखालची पाठ हलली नाही. मी पुढं म्हटलं,

बाळूच्या अंगाला हळद आज चढंना,
आत्याच्या हाताबिगर जातं पुढं वढंना.

पाठ तशीच. पण तिकडून आवाज आला, "कोण गं ती? पुन्यांदा म्हण." मी पुन्हा म्हटलं. "आन् आमच्या मालकांचं नाव?" मालक म्हणजे केरबा तात्या, ते खिरीच्या चुलवणापाशी उभे होते. केरबा तात्यांना ओवीत घेतलं. "माज्या दोन ल्येकांची?" मी नावं विचारली, घातली. "सुनांनी काय घोडं मारलंय?" सुना घातल्या. गोदाबाई बसल्या जागी थोड्या थोड्या वळत होत्या, एका नावाला एक वीत. शेवटी म्हणाल्या, "आन् आमची गौरी ऱ्हायली की." म्हटलं, गौरी कोण, नात का? तर केरबा तात्या चुलवणावरून ओरडले, "म्हस हाय ती! दोन वेळंला भरल्या बादलीची!" मग काय, म्हैसही घातली. मांडव असा हसला की पाटावरच्या बाळूचा तांब्या कलंडला. गोदाबाई उठल्या, पदर खोचला, आल्या, आणि पहिली मूठ जात्यात पडली. त्यानंतर मला कुणी थांबूच देईना. आचारी म्हणे मला घाल, मांडववाला म्हणे मला घाल, पाण्याचा टँकर घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला दाराशीच अडून बसला. माझा घसा कोरडा पडला तेव्हा गोदाबाईंनी स्वतःच्या हातानं गूळ आणि पाणी दिलं.

पंगत उठल्यावर त्या थेट आबांपुढं जाऊन बसल्या. "पोरगी तुमची? बरं झालं. आमच्या दिराच्या धाकटीचं लगीन हाय पुढच्या म्हैन्यात. डबाबी पायजे आन् पोरगीबी पायजे. काय द्यायचं बोला." आबा म्हणाले, "आक्का, गाण्याचं मोल आमी घेत न्हाय. ओटी भरा तिची." मी मनात कपाळाला हात लावला. पण गोदाबाई संपतरावांची बहीण असल्या तरी संपतराव नव्हत्या. म्हणाल्या, "तुमची मेंढरं आमच्या भावाच्या रानात बसायची तवा धान घेत हुता का न्हाय?" "घेत हुतो." "लेंड्या काय तुमी टाकल्या हुत्या? मेंढराच्या लेंडीचं मोल घेतलंत, आन् लेकीच्या गळ्याचं घ्यायला लाजताय व्हय?"

आबा इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. ते डोळे त्यांनी उपरण्यानं पुसले. मग तेच उपरणं केरबा तात्यांच्या आणि आपल्या हातांवर टाकलं. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. दोघांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही, आजूबाजूला कळता कामा नये. मी आबांना मेंढरं विकताना असं पुष्कळदा पाहिलं होतं. पण गाण्यासाठी उपरणं पडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उपरणं हलत होतं. केरबा तात्यांचा चेहरा पडला, मग हलकेच उघडला, मग त्यांनी मान हलवली. आबांचा चेहरा मात्र चांगल्या जातीचं मेंढरू विकतानाचा, म्हणजे त्यावर काहीच नाही. नाही म्हणायला, नावं जास्त असली तर वाढीव, असं तेवढं ते तोंडानं म्हणाले. आणि म्हशीचं वेगळं.

आज पूजाच्या मोबाईलवर लोक आपापल्या आवाजात नावं सांगून पाठवतात. ती गाणं करून इथूनच पाठवते, दुबईला असलेल्या एका बारामतीकराच्या मुलाच्या हळदीला माझं गाणं वाजलं. पण ती पहिल्यांदा विचारते, "आत्या कोण?" हे तिला मीच शिकवलंय. आणि गाणं मोबाईलवर फुकट ऐकून झाल्यावर ज्याला आपल्या अंगणात, आपल्या माणसांकडं बघत गाणारी बाई हवी असते, तो बरोबर फोन करतो. त्या कार्यक्रमातल्या पोरांना मला एवढंच सांगायचं होतं. चोरता येतं ते गाणं चोरीला जाऊ द्या. ते तुमची दवंडी पिटत हिंडतं. पण जे समोर बसून घडतं, त्याचं मोल मागायला लाजू नका.

त्या दिवशी लोणी भापकरहून घरी पोचलो तेव्हा आईनं पहिलं हेच विचारलं, सौदा कितीला ठरला. आबा म्हणाले, "उपरन्याखालचं उपरन्याखाली." दादानं परोपरीनं विचारलं, मी विचारलं, पण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पैसे त्यांनी आईकडं दिले आणि आईही कधी बोलली नाही. मला मात्र त्या रकमेपेक्षा सकाळची धास्ती होती, कारण बोल तर लागलाच होता आणि आबा शब्दाचे पक्के. सकाळी आईनं रोजच्या एकाऐवजी दोन खुरपी काढली, एक स्वतःला, एक माझ्यापुढं धरलं. मी ते घ्यायला हात पुढं केला, तोवर आबांनी मधेच ते काढून घेतलं. म्हणाले, "तिला धुरळ्यात धाडू नगं. गळा बसंल."

"आन् मग तिच्या वाटचं खुरपायचं कुणी?" आई म्हणाली.

"मी हाय की." त्यांनी वहाणा बांधावर काढून ठेवल्या, उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि लागणीच्या सरीत वाकले. उभ्या जन्मात त्यांनी खुरपं धरलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तणाबरोबर उसाचा एक कोंबही उपटला आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून मागं वळून बघितलं. आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ ती वाकलेली पाठ बघत राहिली. मग मला हळूच म्हणाली, "बस लवकर गायला. ह्यो माणूस कटाळायच्या आत येक कॅसेट तरी भरून व्हऊ दे."